हळदीकुंकवात शिकलेलं लपवणं

आमच्या बिबवेवाडीच्या सोसायटीत संक्रांतीचं हळदीकुंकू सगळ्यांचं मिळून, खालच्या हॉलमध्ये होतं. त्या वर्षी वाण म्हणून मोबाइल उभा ठेवायचं प्लास्टिकचं स्टँड द्यायचं ठरलं. कुणीतरी म्हणालं, स्टँड देतोच आहोत, तर मोबाइलबद्दल चार शब्दही होऊ देत. आमच्याच बिल्डिंगमधला आयटीतला एक तरुण बोलायला तयार झाला. विषय होता मुलांची सुरक्षितता. बँकेचं ॲप, पैसे पाठवायचं ॲप, आपल्या खासगी गप्पा फोनमध्ये कशा लपवायच्या, म्हणजे अभ्यासासाठी फोन मुलांच्या हातात गेला तरी काळजी नको.

मला ते फार आवडलं होतं. मी यवतमाळकडच्या एका लहान गावात, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकले. आमच्या घरातली पहिली पदवीधर. मला ज्यांनी ज्यांनी शिकवलं त्यांचे उपकार मी विसरलेली नाही, म्हणून कुणी काही शिकवायला उभं राहिलं की मी आजही पुढच्या सतरंजीवर जाऊन बसते.

तो तरुण भराभर सांगत होता, आमची बोटं चुकत होती. पहिल्या मजल्यावरच्या आजींनी विचारलं, "अहो, हे नवऱ्यापासूनही लपतं, की फक्त पोरांपासून?"

"नवऱ्यापासूनही लपतं, आजी."

"मग जरा आधी जन्माला यायचंत."

हॉल हसला. आणि मग फोनचं काही अडलं की आमच्या घराघरांत जे होतं तेच झालं. आम्ही मुलांना हाका मारल्या. मुलं तिथंच होती, कारण त्यांना घरी एकटं ठेवायचं नव्हतं आणि तीळगूळही खायचा होता. माझी आठवीतली मुलगी येऊन मला टेकून बसली.

"बघ गं, तो दादा काय म्हणतोय. करून दे मला."

तिनं क्षणात केलं. "आई, कोड काय ठेवू?"

"आपल्या गावचा पिनकोड ठेव." मी आकडे सांगितले.

"अगं, मोठ्यानं काय सांगतेस!" ती हसली.

हॉलभर हेच चाललं होतं. प्रत्येक आईच्या फोनवर तिच्या लेकराचं डोकं वाकलेलं. मुलांपासून काय लपवायचं ते मुलंच लपवून देत होती, आणि कुणालाच त्यात काही वावगं दिसलं नाही. मी तर घरी जाऊन तिच्या बाबांना कौतुकानं सांगितलं.

नववीत तिला माझा जुना फोन द्यावा लागला. शाळेचा गृहपाठ वर्गाच्या ग्रुपवर यायचा आणि माझा फोन दिवसभर माझ्याबरोबर ऑफिसात. दर रविवारी ती स्वतःच फोन आणून दाखवायची. "बघ, आई." शब्दकोश, शाळेचा ग्रुप, चित्रं काढायचं एक ॲप. मी बघायची आणि परत द्यायची. माझ्या वडिलांना वाचता येत नव्हतं. माझ्या प्रगतिपुस्तकावर मी बोट ठेवून वाचून दाखवायची, ते मान हलवायचे आणि अंगठा उमटवायचे. त्यांच्यापेक्षा माझं बरं आहे, असं मला वाटायचं. मला वाचता येतं.

दिवाळीनंतर ती खाली पार्किंगमध्ये खेळायला जायची बंद झाली. बेल वाजली की आत जायची. एकदा मी मेथी निवडत होते, तर शेजारी येऊन बसली. काड्या मोडत म्हणाली, "आई, फोटोत मागं बिल्डिंगचं नाव दिसलं, तर त्यावरून घर सापडतं का गं?"

"कुणाला?"

"असंच. शाळेत सांगत होते."

मी हात पुसले, तिचा फोन घेतला आणि हॉलमध्ये शिकवलं होतं तसं बोट फिरवलं. कोड मागणारी चौकट आली. ती मागोमाग येऊन दारात उभी राहिली होती.

"काय आहे कोड?"

"तुझाच आहे."

माझ्या गावचा पिनकोड टाकला आणि उघडलं. आत एकच ॲप होतं, नाव कधी न ऐकलेलं. ते उघडलं तर कोरं.

"वाचलं की मेसेज पुसले जातात," ती म्हणाली.

"कोण होतं, बाळा? मुलगा? मोठा माणूस?"

"माहीत नाही."

मला वाटतं ते खरं होतं. मला सगळ्यात भीती त्याच उत्तराची वाटते. "तू काय पाठवलंस? तो काय म्हणाला?" याला तिनं उत्तर दिलं नाही. अजून दिलेलं नाही.

तिचे बाबा कंपनीतून आले तेव्हा मी सांगितलं. ते ओरडले नाहीत. बूट न काढताच बसून राहिले. आम्ही दोघं चौकीत गेलो. तिथल्या मॅडम चांगल्या होत्या. आम्हाला बसायला सांगितलं, पाणी दिलं, फोन उलटसुलट पाहिला. म्हणाल्या, "ताई, समोरच्यानं अकाउंटच काढून टाकलंय. इथं काही उरलेलंच नाही. मुलगी काय सांगेल तेवढंच आता. तिला बोलतं करा, मग या." शाळेतल्या समुपदेशक बाईंसमोर ती नीट बसते, 'हो' आणि 'नाही' म्हणते. त्याही म्हणतात, वेळ द्या. मी रागावून पाहिलं, जवळ घेऊन पाहिलं, तिच्याजवळ नुसती झोपूनही पाहिलं. जवळ घेतलं की ती अंग आखडत नाही, पण टेकतही नाही.

तो फोन आता स्वयंपाकघरात, वाणाच्या त्याच स्टँडवर उभा असतो. त्याला कोड नाही, त्यात काही लपवलेलं नाही. गृहपाठापुरता ती उचलते आणि लगेच जागेवर ठेवते. बघायला मला सगळं मोकळं आहे, आणि बघण्यासारखं काहीच नाही.

काल गावाहून वडिलांचा फोन आला.

"काहून वं, पोरगी बोलत नाही आताशी?"

"अभ्यास फार आहे, बाबा."

"बरं बरं. शिकू दे तिला."

त्यांनी विश्वास ठेवला. माझ्या वाचण्यावर ते ठेवायचे तसाच. फोन ठेवते तोच बेल वाजली. दूधवाला होता. पातेलं घ्यायला वळले, तेव्हा आतल्या खोलीची कडी लागल्याचा आवाज आला.