मामांची रोजची थाप

घडमामा रोज सकाळी आमच्याशी एकदा ठरवून खोटं बोलत, आणि कंपनी त्यांना त्याचाच पगार देई.

आम्ही चौदा जण पामतेलाच्या बागांवर सुपरवायझर म्हणून जाणार होतो. बागा तळकोकणात, पण प्रशिक्षण अंजूरला. तिथे कंपनीची जमीन होती. तीन बाजूंना गोदामं आणि मधोमध लहानमोठी शंभरेक पामची झाडं. मामा खारबावचे. उमेदीची सगळी वर्षं आंध्रातल्या पामबागांत काढून परत आलेले. बोलताना दोन्ही हात असे पुढे धरायचे, जणू पिकलेला घड तोलतायत. म्हणून घडमामा.

पहिल्याच दिवशी त्यांनी नियम सांगितला. "मी दिवसाला एक थाप मारनार. सांजच्यापर्यंत पकडायची. न्हाय पकडली, तर उद्या सगल्यांचा चहा तुमी करायचा."

मग अतिशय गंभीर चेहऱ्याने शिकवलं, की पपईसारखंच पामचंही नर झाड वेगळं आणि मादी झाड वेगळं. आम्ही ते खाली रेघ मारून वहीत उतरवलं. दुसऱ्या दिवशी चहा आम्हीच केला. नर आणि मादी फुलोरे एकाच झाडावर येतात, हे समोरच्या झाडाकडे मान वर करून पाहिलं असतं तरी कळलं असतं. "लिवताना मान खाली जाते," बशीत चहा ओतत मामा मला म्हणाले. "झाड वर असतंय, बाय."

एकदा म्हणाले, फुलोऱ्यावर सोंडेचे बारके किडे दिसले, की लगेच फवारा मारायचा. आमच्यातला रफीक आधी पॉवरलूमवर होता. धाग्यावर नजर ठेवायची सवय. तो दुपारभर एका फुलोऱ्यासमोर बसून राहिला आणि ओरडत आला, "मामा, ये कीडे तो इधर का पराग उधर ले जाते हैं! इनको मारा तो फल किधर से आयेगा?" मामांनी त्याला आपल्या डब्यातली तांदळाची भाकरी नि सुकट खायला लावली आणि स्वतः नुसता कांदा खाल्ला. थाप पकडली गेली की एवढा खूश होणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

शेवटच्या दिवशी मुंबईहून मोठे साहेब आले. आमची नेमणूकपत्रं त्यांच्यासमोर टेबलावर होती. भाषणाच्या ओघात ते म्हणाले, "नवीन झाडाचा एकही फुलोरा काढायचा नाही. फुलोरे लवकर, घड लवकर!" सगळ्यांनी माना डोलावल्या. सगळ्यांनी लिहून घेतलं.

मी ताडकन उभी राहिले. "थाप!"

मामांनी याच्या अगदी उलट शिकवलं होतं. मला वाटलं, त्यांनी साहेबांनाही सामील करून घेतलंय. मी हसत मामांकडे पाहिलं, तर ते हसत नव्हते. साहेबांनी माझं नाव विचारलं, गठ्ठ्यातून माझं पत्र काढलं आणि बाजूला ठेवलं. घरी आईने शेजारीपाजारी पेढेसुद्धा वाटले होते.

तेवढ्यात मामा टाळ्या वाजवत पुढे आले. "साहेब, आता सांगून टाकू का? पोरांनो, मीच साहेबांना इनंती केली व्हती, आजची थाप तुमी मारा म्हनून. काय झकास मारली! क्षनभर मलापन खरी वाटली."

साहेब मामांकडे बघत राहिले. मग खोकले, मग हसले. "बरोबर! सुरुवातीला फुलोरे काढायचेच. खोड आधी भरलं पाहिजे." पहिलं पत्र माझ्याच हातात पडलं. बाकीच्यांनी वहीतलं वाक्य खोडलं आणि टाळ्या वाजवल्या.

पुढच्या तुकडीला शिकवायला मामा नव्हते. रफीकने फोनवर सांगितलं तेव्हा मी बागेत होते. कामात लक्ष लागेना. पहिल्या सुट्टीला माझ्या गावी, शेलारला, न जाता तडक खारबावला गेले. मामा अंगणात वालाच्या शेंगा सोलत होते. मी काही बोलायच्या आत रडायलाच लागले. "मामा, माझ्यामुळे तुमचं काम गेलं."

मामांनी शेंगांचं सूप माझ्याकडे सरकवलं.

"तुज्यामुलं? येडी हायस का? तू तर उभी राह्यलीस," ते म्हणाले. "मला झोप न्हाय येत, ती त्या बाकीच्या तेरांमुलं."