मिस्त्रींच्या गाडीचा अंगचा रंग

शनिवारी गाडी गेली. पुढच्या गुरुवारी मिस्त्री गेले.

त्याआधी तीस वर्षं, तुमसरला आमच्या गल्लीत, रोज सकाळी एक माणूस सूप घेऊन मोटारीला वारा घालत उभा असायचा. परका माणूस थांबून पाहायचा. आम्ही थांबत नव्हतो. राइस मिल जवळच असल्यामुळे हवेतला भाताचा कोंडा दिसेल त्यावर येऊन बसतो. फडक्याने पुसला की रंगावर बारीक ओरखडे उठतात, म्हणून मिस्त्री तो सुपाने उडवायचे. गाडीला फार उकडतं का, असं मी एकदा विचारलं होतं.

"गुरुजी, तुमी पुस्तकं घासून पुसता का?"

मी शाळेत ग्रंथपाल होतो. त्यांनी मला जन्मभर गुरुजीच म्हटलं.

ते मिलमध्ये फिटर होते. मालकाने नवी गाडी घेतली तेव्हा जुनी यांनी घेतली. गर्द हिरवी, कारखान्यातून आलेल्या रंगातली. छतावर तो रंग इतका झिजला होता की खालचं तांबूस अस्तर दिसायचं. डाव्या दारावर बैलाच्या शिंगाचा ओरखडा होता, पवनीच्या रस्त्यावर लागलेला. इंजिन ते स्वतः खोलत, स्वतः जोडत. रंगाला मात्र कोणाला हात लावू देत नसत. "रंग एकदाच भेटते. बाकी सारी लिपापोती," हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं, की त्यांनी तोंड उघडलं की मीच ते पुरं करायचो. दसऱ्याला बायका हळदकुंकू घेऊन आल्या की हे बॉनेटसमोर आडवे उभे राहून चाक दाखवायचे. "इथं लावा. देव काय उंची पाहाते का?"

त्यांचे जावई नागपूरला असतात. सज्जन माणूस. त्यांच्या हातून एकच अपराध झाला. एका दिवाळीत त्यांनी सासऱ्यांना सांगितलं, "बाबा, माझ्याकडून गाडीला मस्त चमकदार रंग देऊ." मिस्त्रींनी जावयांना माफ केलं, पण त्यानंतर गाडीजवळ एकटं सोडलं नाही.

मागच्या वर्षी डॉक्टरांनी त्यांचं हृदय तपासलं आणि गाडी चालवायला बंदी केली. घरी येऊन ते माझ्या ओट्यावर बसले. तब्येतीबद्दल अवाक्षर नाही.

"मी गेलो का जवाई पयले पेंटरले बोलावन. पिरमानंच बोलावन, पण बोलावन. मी हावो तवरच विकतो."

गाडी विकताना माणूस तिची खोट झाकतो, हे तुम्हीआम्ही पाहिलेलं आहे. मिस्त्री खोटीपासून सुरुवात करायचे. आधी शिंगाचा ओरखडा, मग छत, मग मागच्या दाराखालचा गंज. गिऱ्हाईक गाडीकडे पाहायचं आणि हे गिऱ्हाइकाच्या हातांकडे. कोणी बॉनेटवर बोटांनी टकटक केली की चहा मिळायचा, गाडी नाही.

गोंदियाहून एकजण आला. तो लग्नाला गाड्या भाड्याने देतो. त्याने सगळ्यांत जास्त किंमत सांगितली आणि पांढरी करून घेतो म्हणाला. नवरदेव शोभून दिसेल. मिस्त्रींनी त्याला दोनदा चहा पाजला आणि फाटकापर्यंत पोचवलं. एवढी किंमत सोडली म्हणून त्यांची मुलगी फोनवर चिडली. हा फोन मीही ऐकला, कारण ऐकू कमी येतं म्हणून ते स्पीकर लावत. ती काही चुकीचं बोलत नव्हती.

मग ते मला म्हणाले, एक कागद लिहून द्या. घेणारा रंग बदलणार नाही, असा. अशा कागदाला कोणी विचारत नाही, हे मी सांगितलं. "मी विचारतो ना," ते म्हणाले. मी चार ओळींसाठी दोन संध्याकाळी घेतल्या. त्यावर माझी थट्टा झाली, की एवढ्या वेळात इंजिन उतरवून चढवलं असतं.

शनिवारी नागपूरचा एक तरुण आला. दोन्ही हात पाठीमागे बांधून त्याने गाडीला तीन फेऱ्या मारल्या. छताचं झिजलेलं अस्तर पाहायला टाचा उंचावल्या, पण टेकला नाही. किंमत त्याने कमी सांगितली. मिस्त्रींनी मला खूण केली आणि मी कागद पुढे केला.

त्याने तो सावकाश वाचला.

"काका, मी रंग लावणार नाही. सही करतो. पण माझ्यानंतर माझ्या घरचे काय करतील, ते मी कसं लिहून देऊ?"

मला वाटलं, हाही चहा पिऊन जाणार. मग मिस्त्रींनी त्याच्या हातातून कागद घेतला, घडी करून माझ्या खिशात कोंबला आणि म्हणाले, "ठेवा गुरुजी. मलेई माह्या घरच्यायचं कुठं लिहून देता येऊन राहिलं?" किल्ली त्यांनी त्याच्या तळहातावर ठेवली.

उघड्या ट्रकवर गाडी चढवताना दोर दाराला घासेल म्हणून त्यांनी घरातली चादर आणून मध्ये घातली. ट्रक वळल्यावर ते आत गेले आणि झोपले. दिवसा झोपलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

दिवसकार्याला तो तरुण आला होता. जावयांनी त्याला आपल्या शेजारी जेवायला बसवलं. बोलता बोलता जावई म्हणाले, रंग द्यायचा असेल तर आमच्या ओळखीचा चांगला पेंटर आहे. सगळ्यांसमोर हसू नये म्हणून मी पाण्याचा पेला तोंडाला लावला.

गाडी नागपूरला आहे. तो दर महिन्याला मला फोटो पाठवतो. अजून ती हिरवी आहे.