आखाजीचे दोन दिवस

धुळ्याच्या कोर्टात माझी पोरगी मला महिन्यातून एक तास भेटायची. सात वर्षांची. आईबरोबर आजोळी राहायची, आणि मी इकडे जळगावात, पिंप्राळ्यात. दर महिन्याला दोन दिवस तिला घरी आणू द्या, एवढाच माझा अर्ज. त्याला दोन वर्षं झाली. कधी न्यायाधीश रजेवर, कधी समोरचे वकील. एसटीनं जायचं, पुकारा होईपर्यंत बाकावर बसायचं, नवी तारीख घेऊन परत यायचं. शेवटी शेवटी तर रागही येईना, नुसती झोप यायची.

एका तारखेला न्यायाधीश मॅडम म्हणाल्या, बाहेर बसून आपसात बोलून घ्या. व्हरांड्यात सासरे होते. पोरीला पाठवायला खरा नकार त्यांचाच. मी कंटाळून म्हटलं, "आबा, बाकीचं राहू द्या. आखाजीचे तरी दोन दिवस द्या."

आमच्याकडे खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लग्न झालेल्या लेकी माहेरी येतात. तेवढ्यावर म्हातारा विरघळला. "आखाजीले पोर बापना घर जास. नही कसं म्हनू?"

माझे वकील दंडाला धरून म्हणाले, घाई करू नका, दर महिन्याचं मागत राहू. पण मला आणखी एक तारीख नको होती. कोर्टातला एक तास आहे तसा, आणि वर्षातून आखाजीचे दोन दिवस, असं लिहून सही करून मोकळा झालो.

आखाजीला ती आली. माझी बहीणही माहेरी आली होती. माझ्या आईनं दारातल्या निंबाला झोका बांधला. आमरसाच्या हातांनीच आत्या-भाची दोघी झोक्यावर. खोटं कशाला बोलू, मीही पोटभर हसलो.

दुसऱ्या दिवशी निघताना आईनं बहिणीची ओटी भरली, आणि त्याच हातानं पोरीला फ्रॉक पुढे धरायला लावून तिच्याही ओटीत नारळ घातला. माझं डोकंच फिरलं. "आई, ती काय सासरी चाललीय? हे तिचं घर आहे."

पोरीनं मात्र नारळ नीट सांभाळला आणि आत्यासारखंच शहाण्यासारखं म्हणाली, "येते हं पप्पा. पुढच्या आखाजीला न्यायला या."

हे मीच लिहून दिलं होतं, ते तिला कसं सांगू?