वार गावंडकडे आहेत

"सर, जहाज कधी सुटणार विचारतोय," फोनवर हात ठेवून मनीषा कुजबुजली.

"मग सांग की."

"वार गावंडकडे आहेत."

फोनवर मेक्सिकोचे राऊलसाहेब होते. आम्ही त्यांना मिरची पाठवत होतो. मेक्सिकोला मिरची म्हणजे कोकणात नारळ पाठवण्यासारखं, पण एक्स्पोर्टमध्ये असं चालतं. कंटेनर न्हावा शेवा बंदराबाहेरच्या यार्डात उभा आणि दुसऱ्या दिवशी दुपारी गेट कटऑफ. म्हणजे त्या जहाजाचा माल बंदराच्या आत घ्यायची शेवटची वेळ. ती चुकली की कंटेनर इथे आणि जहाज समुद्रात. राऊलचा तोंडी होकार आल्याशिवाय कंटेनर हलवायचा नाही, असं ठरलेलं.

राऊलची इंग्रजी बोलणारी असिस्टंट नोकरी सोडून गेली, तेव्हा आमचे डायरेक्टर कामतसाहेब दुभाषी ठेवायला निघाले. मनीषा म्हणाली, "सर, मी शिकते स्पॅनिश. मोबाईलवर छोटे छोटे व्हिडिओ असतात." इतकी वर्षं ती दुसऱ्यांच्या डेस्कची कागदपत्रं करत आली होती. साहेब म्हणाले, "जमलं तर लॅटिन अमेरिकेचं डेस्क तुझं, तिकडचा सगळा व्यवहार तूच बघायचा. नाही जमलं तर बाहेरून माणूस आणीन."

धडे संपता संपेनात. आमच्या ऑफिसात काम आलं की पहिला प्रश्न, कोण काय घेणार? एक जण इनव्हॉइस करतो, दुसरा कस्टम्स बघतो, तिसरा ट्रकवाल्यांशी भांडतो. स्पॅनिशचंही आम्ही तेच केलं. क्रियापदं आणि व्याकरण मनीषाकडे. आकडे, वार, महिने शेजारच्या टेबलावरच्या गावंडकडे. माझ्या पिकल्या केसांकडे बघून मला नमस्कार, कुटुंब आणि हवापाणी. डबे खाताना प्रत्येक जण आपला वाटा म्हणून दाखवायचा, बाकीचे दाद द्यायचे. तिघांचा मिळून एक झकास स्पॅनिश माणूस तयार झाला होता. फक्त तो एका खुर्चीत मावत नव्हता.

आणि त्या संध्याकाळी त्या माणसाचा एक तुकडा, म्हणजे गावंड, बोनकोड्याला पुतण्याच्या हळदीत होता.

मनीषाने "फ्रायडे" म्हणून पाहिलं. राऊलने पुन्हा तेच विचारलं. लिहून पाठवावं तर राऊलसाहेब गाडी चालवत होते. व्हिडिओतल्या बाई प्रश्न विचारून थांबतात आणि उत्तर स्वतःच देऊन टाकतात, वर शाब्बासही म्हणतात. राऊल थांबला आणि थांबूनच राहिला.

मी गावंडला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"बोला सर, हलद लागतेय," तो म्हणाला. मागे डीजे असा वाजत होता की आमचं टेबल थरथरलं.

"शुक्रवार, बारा तारीख. स्पॅनिशमध्ये बोल."

"कोनाला?"

"मेक्सिकोला."

"वियेर्नेस, दोसे," गावंड हळदीच्या मांडवातून ओरडला.

पलीकडून राऊलने काहीतरी विचारलं.

"हा गोंगाट कसला म्हणतोय," मनीषा म्हणाली.

आता माझं खातं उघडलं. मी उठून उभा राहिलो, घसा साफ केला आणि म्हणालो, "बोदा. फामिलिया." लग्न. कुटुंब. राऊल इतका हसला की त्याने गाडी बाजूला घेतली असावी. मनीषाने क्रियापदं जोडून उरलेलं पार पाडलं. होकार मिळाला.

फोन ठेवला तर दारात कामतसाहेब.

"काम झालं ना? बोललं कोण?"

मी "मनीषा" म्हणणार होतो. तोंड उघडलंही होतं. तीच आधी बोलली. "तिघं मिळून एक, सर. डेस्क आत्ता देऊ नका. पुढच्या कंटेनरला मी एकटी बोलते."

टेबलाखालून तिला पाय मारावा असं मला वाटलं. मिळणारी गोष्ट असं कोणी परत करतं का?

"बरं. त्या दिवशी गावंडला सुट्टी," साहेब म्हणाले. माझ्याकडे वळून, "आणि तुम्हालाही."

तिने पहिल्या धड्यापासून सगळं पुन्हा केलं, एकटीने. पुढचा कॉल मी काचेबाहेरून पाहिला. सुट्टी असूनही गेलो होतो. ती अडखळत होती, पुन्हा विचारत होती, मधे चक्क गप्प बसत होती. पण कोणाकडे बघत नव्हती. डेस्क तिला त्याच आठवड्यात मिळालं.

काम वाटून घेता येतं, त्यावर आमचा अख्खा धंदा चालतो. वाक्य मात्र ज्याने सुरू केलं त्यालाच संपवावं लागतं.