मशीनपाशी ओरडले ते

माझ्या डाव्या हाताला दोनच बोटं हायत. बाकीची तीन हडंब्यात गेली. हडंबा म्हंजी मळणीची मशीन, ट्रॅक्टरवर चालती. सोयाबीनच्या शेंगा टोचतात म्हणून आमी बाया लुगड्यावर नवऱ्याचा जुना सदरा घालतो. त्याची बाही काडासंगं आत गेली, बाहीमागं हात गेला. मी ओरडले. दीर ट्रॅक्टरपाशी हुबे हुते, पर मशीन चालूच. बाजूची बाई पळत गेली, तवा बंद झाली.

तवापासून दीर चारचौघांत सांगायचे, "वैनीला डुलकी लागली. ओरडल्या असत्या तर मी बंद केलं नसतं का?" उलटून बोलायची सोय नव्हती. मालक वारलेले, लेकरं लहान. दिराच्याच दारात दिवस काढायचे हुते.

यंदा नात आली. परभणीला कॉलेजात शिकती. फोनमधी बोलून लेख करती, लोक ते कानाला लावून ऐकतात. म्हणली, "आज्जी, हाताचं सांग." खोलीत बसवलं, खिडकी लावली, फॅन बंद केला. मी सांगितलं. तिनं ऐकवलं तर मलाच पटंना. एवढ्या शांततेत कुणीबी म्हणंल, मंग ऐकू कसं आलं न्हाई?

"मागं मशीन पाहिजे," मी म्हणलं.

शेजाऱ्याचं सोयाबीन निघायलं हुतं. तितं गेलाव. नातीनं फोन माझ्या तोंडापाशी धरला. त्यात माझा आवाज खणखणीत, अन् मशीन माशी घोंगावल्यावानी.

"ह्ये खोटं झालं. फोन ट्रॅक्टरपाशी ने. तुझा चुलत आजा हुबा हुता तितं."

"आज्जी, तितून तुझा आवाजच येणार न्हाई."

"मला काय गाणं म्हणायचंय व्हय? ने."

ती गेली. मी मशीनच्या तोंडापासून चार पावलं मागं हुबी राहिले. पदर खोचला अन् पोटातून ओरडले. एकदा, दोनदा, तीनदा. काड टाकणाऱ्या बाया थांबल्या. एक म्हणली, "म्हातारीला वारं लागलं का काय!" ट्रॅक्टरवाल्यानं मान सुदीक वळवली न्हाई.

घरी आलाव तर दीर बाजंवर पडलेले. नातीनं फोन त्यांच्या कानाला लावला. "आबा, आज्जी कुठं ओरडती ते सांगा."

"नुस्ती मशीन हाय."

"परत ऐका."

त्यांनी तीनदा ऐकलं. आवाज वाढवायला लावला, तर मशीनच वाढली.

"ऐकू येत न्हाई, वैनी."

"येत नव्हतंच. त्यात तुमचा दोष न्हाई. पर मला डुलकी लागली नव्हती."

दीर बाजंवर उठून बसले. मंग म्हणले, "न्हाई. नव्हती लागली."

"ते फोनमधी बोला."

"आता मला कशाला त्यात, वैनी?"

"लग्नात-बारशात बिगर फोनचं सांगत आलाव न्हवं इतके साल? आता ह्येबी सांगा."

नातीनं फोन धरला. दिरानं घसा खाकरला अन् बोलले. नेमकं तवाच दारातली शेळी वरडायली.

नात म्हणली, "आबा, परत एकदा घिऊ. शेळीचा आवाज आलाय."

मी म्हणलं, "राहू दे शेळी. ह्यांच्या तोंडून परत निघायचं न्हाई."