उंबऱ्याबाहेरचा बूट

हिंगोलीच्या बसस्टँडवर सुटत्या एसटीमागे धावताना माझ्या टाचेवर मागून कुणीतरी फाडकन काठी मारली. मी वळून मागच्या आजोबांना चांगलंच फैलावर घेतलं. त्यांच्या हातात मेथीच्या जुडीशिवाय काही नव्हतं. "बाई, म्या काहून मारू तुमाला?" एवढंच ते बिचारे म्हणाले. काठी नव्हतीच. टाचेमागची जाड शीर तुटली होती.

ऑपरेशन झालं आणि गुडघ्यापर्यंत प्लास्टर चढलं. त्या प्लास्टरचा थाट काय सांगू! गल्ली भेटायला यायची, सासूबाई स्वतः ताट वाढून द्यायच्या. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण असे लाड पहिल्यांदाच. आत खाज सुटली की तुराटीची बारीक काडी सारायची. डॉक्टरांनी नको म्हणून बजावलं होतं, पण खाज काही त्यांना सुटत नव्हती. वॉकर घेऊन मी स्वयंपाकघरात, देवघरापर्यंत बिनधास्त फिरायची.

मग एक दिवस प्लास्टर निघालं. डॉक्टर म्हणाले, "आता बूट. घरातसुद्धा याच्याशिवाय पाय टेकवायचा नाही. शीर पुन्हा तुटली तर सगळं पहिल्यापासून." ते पट्ट्यापट्ट्यांचं काळं धूड पायात घालून मी खुशीत घरी आले, तर सासूबाई दारात उभ्या.

"बूट भाहेर काढून ये."

"आई, ह्यो काढायचा न्हाई. पलस्तरासारखाच हाय."

"पलस्तर येगळं. ह्यो बूट हाय."

"ह्यात चामडं न्हाई. कापड अन् प्लास्टिक."

"पण डाक्टर बूटच म्हणून राहिला ना?"

त्या डॉक्टरांनी नुसतं 'पट्टा' म्हटलं असतं तर त्यांचं काय बिघडलं असतं? शेवटी तह झाला. बूट पुढच्या खोलीपर्यंत येईल, आतल्या उंबऱ्यापलीकडे नाही. म्हणजे मीही नाही. प्लास्टरात मी महाराणी होते, बूट चढला आणि चपलांच्या रांगेत जाऊन बसले.

तेही रेटून नेलं असतं, पण महालक्ष्म्या तोंडावर आल्या. आमच्याकडे थोरल्या महालक्ष्मीचा मुखवटा थोरल्या सुनेनं तुळशीपासून आत आणायचा. उंबऱ्यात सासूबाई विचारणार, 'महालक्ष्मी आली, कशाच्या पावलानं आली?' आणि सुनेनं सांगायचं, 'सोन्याच्या पावलानं.' हा मान माझा होता आणि तो मला हवाच होता.

"औंदा धाकटी सून आणंल दोनी मुखवटे," सासूबाई म्हणाल्या. मी रागानं दिवसभर त्यांच्याशी बोलले नाही. त्यांना ते कळलं की नाही, देव जाणे.

सणाच्या संध्याकाळी तुळशीपासून आतपर्यंत हळदीकुंकवाची पावलं उमटली. मुखवटे तुळशीजवळ ताटात ठेवलेले. धाकटी जाऊ पहिला मुखवटा उचलायला वाकली आणि मला राहवलं नाही. पायरीवर बसून मी बुटाचे पट्टे सोडायला लागले. लंगडी घालत जाईन, पण जाईन. पट्ट्यांचा चर्र आवाज ऐकून सासूबाई वळल्या.

"काय करून राहिली?"

"बूट काढून राहिले. तुमचा नेम मोडाया नको."

त्या तडक आत गेल्या. ओलं फडकं घेऊन आल्या, माझ्यापुढे खाली बसल्या आणि बुटाचा तळ खसाखसा पुसला. सोडलेले पट्टे पुन्हा घट्ट आवळले. मग बुटाच्या चवड्यावर हळदीकुंकू लावलं, आणि उठून मुखवटा माझ्या हातात दिला. जावेनं माझा कोपर धरला. मी त्या पावलांवरून धप्प धप्प करत उंबऱ्याशी आले.

सासूबाई ताट वाजवत होत्या. "महालक्ष्मी आली, कशाच्या पावलानं आली?"

'सोन्याच्या' म्हणायला मी तोंड उघडलं, पण नजर बुटावरच्या हळदीकुंकवावर गेली आणि मी तिकडेच बघत राहिले. सासूबाईंनी पुन्हा ताट वाजवलं आणि चेहऱ्यावरची रेघ न हलवता माझं उत्तर स्वतःच दिलं.

"बुटाच्या पावलानं आली. ये आत."