मेलेसीनाच्या वर्गातला तारा

भर महासागरातल्या इवल्याशा निऊए बेटावर शाळेच्या पोरांसाठी हिरवे-पांढरे स्वस्त लॅपटॉप आले, तेव्हा मेलेसीनाने ऑकलंडला कायमचं जायचं ठरवून टाकलं होतं. गावातली निम्मी घरं आधीच बंद पडली होती. ऑकलंडमधली धाकटी बहीण व्हिका फोनवर सारखं टुमणं लावायची, "ताई, तिथे खडक आणि तारोच्या कंदांशिवाय आहे काय? ये की इकडे!" शेवटी मेलेसीना हो म्हणाली. एवढं सत्र उरकायचं आणि निघायचं.

पण गणित तीच शिकवायची, म्हणून लॅपटॉपही तिच्याच गळ्यात पडले. 'इतकी पावलं चाल, इतकी वळ' असं लिहिलं की पडद्यावरचं कासव रेघ ओढत चालायचं. होड्या कोरणारे तिचे वडील टोंगिया खो खो हसले. "सरकार पोरांना कासव देतंय, तेही खाता न येणारं!"

"निदान सांगितलेलं ऐकतं, बाबा. तुमच्यासारखं नाही."

चौकोन जमला, त्रिकोण जमला. मग लिगी नावाच्या चुणचुणीत पोरीने विचारलं, "बाई, पाच टोकांचा तारा कसा काढायचा? एका दमात?"

मेलेसीनाने पूर्ण फेरीचे तीनशे साठ अंश पाचांत वाटून बघितले. बहात्तर. कासवाने इमानेइतबारे पंचकोन काढला. इतकी वर्षं तिने शिकवलेल्या प्रत्येक गणिताचं उत्तर पुस्तकाच्या शेवटी छापलेलं असायचं.

"मला येत नाही," ती म्हणाली.

पोरं तिच्याकडे बघतच राहिली. बाईंना येत नाही?

"बघता काय? चला बाहेर. आपणच कासव होऊ."

चर्चसमोरच्या हिरवळीवर त्यांनी दोरी ताणून मोठा तारा आखला. लिगी समुद्राकडे तोंड करून दोरीवरून चालू लागली. प्रत्येक टोकाला ती गर्रकन वळायची आणि बाकीचे ओरडायचे, "अजून वळ! अजून!" निघाली होती तिथे पोचून तिने पुन्हा समुद्राकडे तोंड केलं आणि धपकन खाली बसली.

"चक्कर आली, बाई. मी दोनदा फिरले ना!"

"काय म्हणालीस?"

"दोनदा. मध्येच एकदा समुद्र समोर आला होता."

मेलेसीनाने बोटांवर हिशेब केला. एक फेरी नव्हे, दोन! दोन फेऱ्यांचे अंश पाचांत वाटायचे. एकशे चव्वेचाळीस! सगळे वर्गाकडे धावत सुटले. लिगीने आकडा घातला, कासव निघालं आणि पाचव्या रेघेला तारा पुरा झाला. पोरांनी असा कल्ला केला, की शेजारच्या वर्गाच्या बाई धावत आल्या.

त्या आठवड्यात व्हिकाचा फोन आला. "सामान बांधलंस का?"

"नाही गं. पोरं आता सात टोकांचा मागतायत."

"वेडी आहेस तू!"

"असेन."

ती गेली नाही. खाऱ्या हवेने लॅपटॉप एकेक करून बंद पडत गेले. तेव्हा मेलेसीना आणि पोरांनी मेलेल्यांचे सुटे भाग काढून बाकीचे चालू ठेवले. पुढे लिगी ऑकलंडला संगणक शिकायला गेली, तेव्हा निरोपाला गाव विमानतळावर लोटलं. मेलेसीनाने तिच्या गळ्यात फुलांची माळ घातली. बोलायला तिला शब्दच सापडेना.

टोंगियांना मात्र सापडत होते. विमानातून उतरलेल्या एका परक्या पाहुण्याला त्यांनी दंडाला धरून थांबवलं होतं.

"ती निघालेली पोरगी दिसली? आणि तिच्याजवळ रडतेय ती? ती तिची गणिताची बाई. माझी लेक!"